विंडसर्फिंगची शर्यत फक्त धट्ट्याकट्ट्या तरुणांची?

विंडसर्फिंग म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो लाटेवरून हवेत झेपावणारा पिळदार अंगाचा पोरगा. जाहिरातींनी तेवढंच दाखवलंय. मग शाळकरी मुलगी, चाळिशीतले काका, जरा वजनदार मंडळी ‘हे आपलं काम नाही’ म्हणून किनाऱ्यावरच थांबतात. पण याच खेळात ही सगळी माणसं एका रेषेवरून शर्यत सुरू करू शकतील, असा एक प्रकार आहे. त्याचं नाव वन डिझाइन. यात सगळ्यांचा बोर्ड एकाच साच्यातला असतो आणि त्यात मनासारखे फेरफार करायला बंदी असते.

दंडात ताकद हवी, ही सगळ्यांत पक्की बसलेली समजूत. १९६८च्या सुमारास कॅलिफोर्नियात हॉयल श्वायट्झर आणि जिम ड्रेक यांनी ‘विंडसर्फर’ नावाचा बोर्ड तयार केला. तो बारा फूट लांब आणि सुमारे २७ किलोंचा होता, म्हणजे तेव्हा ही समजूत अगदीच खोटी नव्हती. त्याच घराण्यातला आजचा ‘विंडसर्फर एलटी’ बराच हलका आहे. आणि शीड उचलणं हे मुळात दंडाचं काम नाहीच. वाऱ्याकडे पाठ करून बोर्डवर उभे राहा, गुडघे किंचित वाकवा, शिडाला बांधलेली दोरी धरा आणि हात सरळ ठेवून अंग मागे टाका. आधी काहीच हलत नाही, कारण आडव्या शिडावर पाण्याचा थर बसलेला असतो. मग एका कडेनं पाणी ओघळायला लागतं, शीड हलकं होतं आणि वर येतं. घाईनं हिसका देणारा पाण्यात पडतो. क्षणभर धीर धरणाऱ्याचं शीड उभं राहतं. पुढे दिशा बदलायला सुकाणू नसतंच. डोलकाठी मागे कलवली की बोर्डचं नाक वाऱ्याकडे वळतं, पुढे कलवली की वाऱ्यापासून दूर जातं.

‘सामान सारखं म्हणजे न्याय झाला’ हा गैरसमज मात्र खेळाडूंमध्येही आढळतो. पन्नास किलोंची मुलगी आणि नव्वद किलोंचा माणूस यांच्या हाती एकाच मापाचं शीड दिलं तर मंद वाऱ्यात मुलगी पुढे सरकते. वारा वाढला की माणूस आपल्या वजनानं शीड तोलून धरतो, मुलीला मात्र वारा सोडून द्यावा लागतो. म्हणजे शर्यतीचा निकाल हवामानावर ठरतो. यावर दोन चांगले उपाय निघाले आहेत. विंडसर्फर वर्गात बोर्ड आणि शीड सगळ्यांचं सारखंच असतं, पण खेळाडूंचे वजनी गट पाडतात. कोना वर्गात बोर्ड एकच, पण शिडाचं माप खेळाडूच्या वजनावर ठरतं. २०२४च्या ऑलिंपिकमध्ये आयक्यूफॉइल वर्गातही पुरुषांना नऊ आणि महिलांना आठ चौरस मीटरचं शीड होतं. मला कोनाची रीत अधिक पटते. तिथे हलकी आणि जड माणसं एकाच शर्यतीत खरोखर एकमेकांशी झुंजतात.

वयाचं म्हणाल, तर रॉबी नॅश १९७६ साली विंडसर्फर वर्गाचा जगज्जेता झाला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. दुसऱ्या टोकाला प्रौढांसाठी वेगळे वयोगट असतात. आणि वय इथे कामीही येतं: पाण्यावर गडद पट्टा सरकताना दिसला की तिथे वाऱ्याची झुळूक येतेय, हे ओळखणारी नजर वर्षानुवर्षांच्या सरावानं तयार होते.

वन डिझाइन म्हणजे स्वस्त, असंही सर्रास म्हणता येत नाही, कारण वर्ग बदलला की नवा बोर्ड घ्यावा लागतो. ऑलिंपिकमध्ये १९९६ ते २००४ मिस्ट्रल बोर्ड होता, २००८ ते २०२० आरएस:एक्स आणि २०२४ला आयक्यूफॉइल. भारताच्या इबाद अलीनं २०२३मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत आरएस:एक्समध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो बोर्ड नव्हता. ज्या वर्गाचे नियम वर्षानुवर्षं टिकतात, तिथेच जुना बोर्ड कामी येतो.

दिव्यांगांबाबत बोलताना स्पष्ट बोललं पाहिजे. २००० ते २०१६ या काळात पॅरालिंपिकमध्ये शिडाच्या होड्या होत्या, विंडसर्फिंग नव्हतं. सारखा बोर्ड दिला म्हणून व्हीलचेअर वाळूतून पुढे जात नाही. त्यासाठी उतार, मदतीचे हात आणि सोबतीची होडी लागते, आणि ही जबाबदारी क्लबची आहे.

शिकायचं मनात असेल तर दुपारचा, समुद्राकडून येणारा खारा वारा मंद असताना सुरुवात करा. पहाटेचे मतलई वारे नवख्याला समुद्रात आत ओढून नेतात. आणि चांगलं पोहता येतं म्हणून बोर्ड सोडून किनारा गाठता येईल, हा सगळ्यांत घातक गैरसमज मनातून काढा. लाइफ जॅकेट घाला, दमलात तर बोर्डवर पडून राहा आणि हात हलवून मदत मागा. बोर्ड तरंगत राहतो, आणि शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा तोच आधी दिसतो.