वसाहतीखालचं शिवार

बीड शहरातल्या बऱ्याच नव्या प्लॉटच्या कागदांवर आजही सर्व्हे नंबर असतो. तो मूळचा शेताचा. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं आणि 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे शेतजमिनींची पद्धतशीर मोजणी झाली. पुढे जमीन बिगरशेती झाली, प्लॉट पडले. नंबर मात्र कागदावर राहिला.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल मिळते. त्यावर शिवेच्या रेषा, शेतांचे बांध, गाडीवाटा, ओढे आणि विहिरी दिसतात. मोजणीची साखळी 33 फुटांची. 33 बाय 33 फुटांचा तुकडा म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. हा नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवला, की एखादी गल्ली मध्येच तिरकी का होते, हे कळतं: तिथे बांध वळलेला असतो.

बीडची खजाना विहीर याच शेतीची साक्षीदार. निजामशाहीच्या काळात, 16 व्या शतकात बांधलेल्या या विहिरीचं पाणी भूमिगत कालव्यातून बलगुजार भागातल्या शेतांना जात असे. असे पाणीमार्ग वरून दिसत नाहीत, म्हणून पाया खणण्याआधी जुने नकाशे पाहायलाच हवेत. ओढ्याचंही तसंच. घरं उठली तरी पावसाचं पाणी उताराचीच वाट धरतं. 1989 मध्ये बिंदुसरा नदीच्या पुराने बीडकरांना हे फार महागात शिकवलं. प्लॉट घेताना सातबाऱ्यासोबत गावनकाशाही जरूर बघा.