मर्यादवेल

अबुधाबीत ऊन चढायच्या आत किनारा गाठावा लागतो. म्हणून आम्ही दोन-तीन मराठी कुटुंबं शनिवारी भल्या पहाटे सादियात बेटावर जातो. किनाऱ्याकडे जायला वाळूच्या टेकड्यांवरून लाकडी पूल आहे. परवा लेकीने विचारलं, "बाबा, वाळूतून सरळ का नाही जायचं?"

त्या टेकड्या राखून ठेवल्या आहेत. त्यांच्यासमोरच्या वाळूत याच दिवसांत हॉक्सबिल कासवं अंडी घालायला येतात. ससाण्यासारख्या चोचीचं हे कासव जगभरात अतिसंकटग्रस्त आहे. म्हणून हॉटेलं रात्री वाळूवरच्या खुर्च्या उचलतात, दिवे मंद करतात. बांधकामंही टेकड्यांच्या मागे आहेत.

त्याच दुपारी गुहागर तालुक्यातून मामाचा फोन आला. गेल्या पावसाळ्यात उधाणाने आणखी दोन माड नेले होते. "धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी अर्ज केलाय. पण म्हणे इथं कासवं येतात. अरे, कासवाला अंडी घालायला जागा हवी, कबूल. मग आम्ही झोपायचं कुठं?"

मामा काही कासवांच्या विरुद्ध नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. पुढे २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला आणि ते काम गावोगावी पोचलं. मामाही कित्येक रात्री कंदील घेऊन हिंडलाय. एका घरट्यात शंभरेक अंडी. ती भरतीच्या पाण्यापासून आणि कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवायला कुंपणातल्या वाळूत हलवायची आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं समुद्रात सोडायची.

अडचण दगडी बंधाऱ्याची आहे. लाट दगडावर आपटून परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. घर वाचतं, पण पुळण आटत जाते. बंधारा जिथे संपतो तिथे शेजाऱ्याची जमीन जास्त कापली जाते. वर चढलेलं कासव दगडाला अडून अंडी न घालताच परततं. उलट वाळूची टेकडी म्हणजे किनाऱ्याची शिल्लक. वादळात समुद्र त्यातून वाळू काढतो आणि शांत दिवसांत बरीचशी परत आणून टाकतो.

हे सगळं मामाला सांगायला घेतलं आणि मध्येच थांबलो. सादियातला किनारा आधी मोकळा होता, म्हणून अंतर सोडता आलं. मामाचं घर तर आजोबांच्याही आधीचं. त्याला 'मागे सरक' म्हणणारा मी कोण, एसीत बसलेला?

पण पूर्ण खरं अजून वेगळं आहे. सहा वर्षांपूर्वी मीच इथून पैसे पाठवले होते. कासवं बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी समुद्राकडच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या. त्यासाठी वाळूचा उंचवटा सपाट केला आणि त्यावरची मर्यादवेल उपटून टाकली. आजी तेव्हा म्हणाली होती, "तिला हात लावू नका. समुद्राची मर्यादा आहे ती." आम्ही हसलो होतो. त्या वेलीची मुळं वाळू धरून ठेवतात, हे मला सादियातच्या टेकड्या बघताना कळलं.

शेवटी मामाला एवढंच म्हणालो, "बंधारा मागायचाच तर जुन्या घरापुरता माग, आणि भरतीच्या रेषेपासून जमेल तितका मागे, घरालगत. दोन खोल्या पाडूया. खर्च माझा. तिथं वाळूचा उंचवटा करून पुन्हा मर्यादवेल लावू."

बराच वेळ फोनवर नुसती गाज ऐकू येत होती.

"खोल्यांचं उत्पन्न जाईल रे," मामा म्हणाला. ते खरंच होतं. माझ्या पगाराला त्याचा धक्का लागणार नाही, त्याच्या घराला लागेल.

"घरामागे बांधू," मी म्हणालो. "समुद्र दिसणार नाही, गाज ऐकू येईल."

"तू आधी मे महिन्यात ये. मग बघू काय ते."

तिकिटं काढली आहेत. लेकीला कंदील धरायचाय. तेव्हा कासवं नसतील, हे तिला अजून सांगितलेलं नाही.