गजबजलेल्या आकाशात छोट्या विमानाची वाट

दिल्लीतल्या द्वारका उपनगरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाकडे पुण्या-नागपूरहून पाहुणे आले, की पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांची पावले गच्चीकडे वळतात. इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ अगदी शेजारीच. वारा पश्चिमेचा असेल तर उड्डाण घेतलेली विमाने या बाजूने वर चढताना दिसतात आणि पूर्वेचा असेल तर उतरणारी विमाने या बाजूने खाली येतात. एक विमान नजरेआड होते न होते तोच दुसऱ्याचे दिवे लुकलुकू लागतात. मुले शेपटीवरच्या रंगांवरून विमान कोणत्या कंपनीचे ते ओळखण्याची पैज लावतात, आणि त्यातलेच एखादे चौकस मूल विचारते, "या एवढ्या गर्दीत एखाद्या छोट्या विमानाला जायचे असेल, तर ते कुठून जाते?"

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र साधे नाही. त्या उत्तरासाठी जगाने फार मोठी किंमत मोजली आहे.

उघड्या डोळ्यांचे उड्डाण

विमान चालवण्याच्या मुख्य पद्धती दोन. मोठी प्रवासी विमाने उपकरणांच्या आधारे उडतात. बाहेर ढग असोत की काळोख, समोरचे काटे, पडदे आणि जमिनीवरच्या नियंत्रकाच्या सूचना यांवर वैमानिक मार्ग काढतो. दुसरी पद्धत नजरेची. घाटातून गाडी चालवणारा जसा वळण, दरी आणि समोरून येणारी एस. टी. पाहून गाडी हाकतो, तसा हा वैमानिक नदी, रेल्वेमार्ग, तलाव, डोंगर पाहत जातो आणि दुसरे विमान दिसले की बाजूला होतो. या पद्धतीच्या नियमांना 'दृश्य उड्डाण नियम' म्हणतात. वैमानिकांच्या रोजच्या बोलण्यात 'व्हीएफआर'.

विमानविद्येची सुरुवात याच पद्धतीने झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, ते असेच जमिनीवरच्या खुणा पाहत. त्या मोकळ्या आकाशात त्यांना अडवणारे कोणी नव्हते आणि आदळण्याची भीती वाटावी असे दुसरे विमानही क्वचितच होते.

आज नियमांची चौकट पक्की आहे. भारतात साधारण दहा हजार फुटांखाली अशा उड्डाणासाठी किमान ५ किलोमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसले पाहिजे. ढगांपासून आडवे दीड किलोमीटर आणि उभे सुमारे ३०० मीटर अंतर राखावे लागते. दाट वस्तीवरून जाताना ६०० मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच इमारतीपेक्षा किमान १,००० फूट वर राहावे लागते. काही अपवाद सोडले, तर सूर्यास्तानंतर हे उड्डाण करता येत नाही.

इतकी काटेकोर बंधने कशासाठी, याचे एक दुःखद उत्तर द्वारकेजवळच मिळते. २२ डिसेंबर २०१५ च्या धुकट सकाळी सीमा सुरक्षा दलाचे एक छोटे विमान रांचीला जाण्यासाठी उडाले आणि काही क्षणांतच द्वारकेजवळ कोसळले. विमानातले दहाही जण मृत्युमुखी पडले. उड्डाण घेताच स्वयंचलित यंत्रणा सुरू केली गेली, पण दिशेची कळ निवडली गेली नव्हती. विमान डावीकडे कलत गेले आणि धुक्यात ते वेळीच सावरले गेले नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. हे उड्डाण निव्वळ नजरेच्या भरवशावरचे नव्हते. तरीही एक गोष्ट त्यातून लख्ख कळते. क्षितिज दिसेनासे झाले, की विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे माणसाच्या शरीराला उमगत नाही. म्हणूनच जो केवळ नजरेवर उडतो, त्याने धुक्यात आणि ढगांत शिरायचेच नसते.

उलटी ठेवलेली उतरंड

आता दृश्य स्वच्छ आहे, ऊन पडले आहे, असे समजू. मग छोट्या विमानाने मोठ्या विमानतळाजवळून खुशाल जावे का? नाही. कारण तिथले आकाश मोकळे नसते, वाटून दिलेले असते.

जुन्या घरात मडक्यांची उतरंड असे. खाली मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. ही उतरंड उलटी करून विमानतळावर ठेवली आहे अशी कल्पना करा. विमानतळाच्या लगत नियंत्रित आकाश थेट जमिनीपासून सुरू होते. जसजसे दूर जावे, तसतशी त्याची खालची कड वर वर सरकत जाते. मोठी विमाने लांबून उताराने खाली येतात आणि चढणीने वर जातात. हा सगळा उतार उतरंडीच्या आत सुरक्षित राहावा, अशी ही मांडणी असते. छोट्या विमानाला कडेच्या भागाखालून जाता येते. आत शिरायचे असेल तर मात्र आधी विचारावे लागते.

दिल्लीत तर ही उतरंड फारच गच्च आहे. राष्ट्रपती भवनाच्या परिसरावरून उडायला बंदी आहे. देशातल्या बहुतेक उड्डाणांसाठी हवाई संरक्षण यंत्रणेकडून आगाऊ परवानगीचा क्रमांक घ्यावा लागतो. एके काळी शहराच्या मध्यावर असलेल्या सफदरजंग विमानतळावरून दिल्ली फ्लाइंग क्लबची छोटी विमाने भुरभुर उडत. २००१ च्या सप्टेंबरमधल्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर सुरक्षेची गणिते बदलली आणि ती उड्डाणे थांबली.

या व्यवस्थेमागे दिल्लीकरांना न विसरता येणारी एक संध्याकाळही आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीच्या पश्चिमेला चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे वर चढणारे जंबो जेट आणि कझाकस्तानचे खाली उतरणारे विमान एकमेकांवर आदळून ३४९ जण ठार झाले. दोन्ही विमाने उपकरणांवर चालणारी होती. पण येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांसाठी वाट एकच होती आणि कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आले. त्यानंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, विमानाची उंची दाखवणारे रडार आले आणि टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले.

जुहू की सांताक्रूझ?

नजरेला फसवणारी जागा म्हणून मुंबईचे उदाहरण वैमानिकांना चांगलेच ठाऊक आहे. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ हाकेच्या अंतरावर. दोन्हींच्या पूर्व-पश्चिम धावपट्ट्या वरून पाहता जवळजवळ एकाच दिशेने पसरलेल्या. फक्त जुहूची पट्टी खूपच आखूड. १९५३ साली ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून चुकून जुहूवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही, पण विमान मात्र कायमचे निकामी झाले.

दोन्ही वेळा वैमानिक अनुभवी होते आणि दोन्ही वेळा त्यांना धावपट्टी दिसली होती. दिसली ती हवी असलेली आहे का, ही खातरजमा तेवढी राहून गेली. म्हणून विद्यार्थी वैमानिकाला पहिल्यापासून शिकवतात, की एका खुणेवर विश्वास ठेवू नको. नदी दिसली तर तिच्यावरचा पूल शोध, पूल दिसला तर त्याच्याजवळचा रेल्वेमार्ग शोध, आणि तिन्ही जुळले तरच "मी इथे आहे" असे म्हण.

दिसले म्हणजे टळले नव्हे

नजरेची दुसरी मर्यादा याहून भयंकर आहे. ३१ ऑगस्ट १९८६ चा रविवार. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ लख्ख ऊन पडले होते. एक गृहस्थ पत्नी आणि मुलीसह स्वतःच्या छोट्या पायपर विमानातून सहलीला निघाले. वाटेत त्यांचे विमान परवानगीविना लॉस एंजेलिसच्या नियंत्रित आकाशात शिरले. त्याच वेळी एरोमेक्सिकोचे डीसी-९ उतरण्यासाठी खाली येत होते. सेरिटोस या उपनगरावर दोन्ही विमाने आदळली. विमानांतले ६७ आणि खाली घरांत असलेले १५ असे ८२ जण मृत्युमुखी पडले. छोट्या विमानात उंची कळवणारे उपकरण नव्हते. टक्कर टाळणारी यंत्रणा अमेरिकेतल्या प्रवासी विमानांत सक्तीची झाली, त्यामागे ही घटना आहे.

स्वच्छ उन्हात कोणालाच कोणी कसे दिसले नाही? याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. माणसाचा डोळा हलणारी वस्तू चटकन टिपतो. पण दोन विमाने सरळ मार्गाने एकमेकांवर आदळायला निघालेली असतात, तेव्हा समोरचे विमान काचेवर एकाच जागी स्थिर भासते. ते सरकत नाही, नुसते मोठे होत जाते; आणि तेही बराच वेळ ठिपक्याएवढेच राहून शेवटच्या काही क्षणांत एकदम अंगावर येते. अमेरिकी हवाई प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार दुसरे विमान दिसणे, धोका ओळखणे, निर्णय घेणे आणि विमान वळणे याला साडेबारा सेकंद लागतात. ताशी १८५ किलोमीटरने जाणारे छोटे विमान आणि समोरून ताशी ३७० किलोमीटरने येणारे जेट तेवढ्या वेळात एकमेकांकडे जवळजवळ दोन किलोमीटर सरकलेले असतात!

हा धडा जुना झालेला नाही. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये लष्कराचे हेलिकॉप्टर आणि उतरणारे प्रवासी जेट आदळून ६७ जण ठार झाले. समोरचे विमान दिसते आहे, आपण त्यापासून नजरेने अंतर राखू, असे हेलिकॉप्टरमधून कळवण्यात आले होते. त्या वाटेवर हेलिकॉप्टरला २०० फुटांची मर्यादा होती. टक्कर मात्र त्याहून वर झाली. अपघातानंतर तो हेलिकॉप्टर-मार्ग बंद करण्यात आला. डोळ्यांत तेल घालून पाहणे आवश्यकच, पण गजबजलेल्या आकाशात ते पुरेसे नाही.

घरी केलेला अभ्यास

मग छोट्या विमानाचा वैमानिक करतो तरी काय? त्याचे निम्मे काम जमिनीवरच होते. आदल्या दिवशी तो नकाशा पसरतो आणि बंदीचे भाग, उतरंडीच्या कडा, प्रत्येक टप्प्याची कमाल उंची यांवर खुणा करतो. कोणत्या ठिकाणी कोणत्या नियंत्रण कक्षाशी बोलायचे, त्याचा रेडिओ क्रमांक काय, हे क्रमाने लिहून मांडीवरच्या पाटीला लावतो. परवानगी नाकारली तर कोणत्या बाजूने वळसा घालायचा, हेही आधीच ठरलेले असते. ऐन गर्दीत नकाशा उलगडत बसण्यासारखी धोक्याची गोष्ट नाही.

हद्द लागण्याच्या बऱ्याच आधी तो रेडिओवर चार गोष्टी सांगतो. मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि मला काय हवे आहे. नियंत्रकाने नुसते "थांबा" म्हटले, तर ती परवानगी नव्हे; हद्दीबाहेरच घिरट्या घालायच्या. परवानगी मिळाली, की ती शब्दशः परत म्हणून दाखवायची, म्हणजे ऐकण्यातली चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. म्हणून त्या भागातला दाब विचारून तो जुळवून घ्यावा लागतो. दाबाच्या एका एककाची, म्हणजे एका हेक्टोपास्कलची चूक झाली, की उंचीत सुमारे तीस फुटांचा फरक पडतो. मोठ्या विमानामागे हवेचे अदृश्य भोवरे राहतात आणि ते हळूहळू खाली बसतात. छोटे विमान त्यात सापडले तर उलटेपालटे होऊ शकते. म्हणून मोठ्या विमानाच्या मागून, त्याच्या वाटेखालून जायचे नाही.

आणि सर्वांत अवघड धडा शेवटचा. समजले नाही तर "समजले नाही" म्हणायचे. वाट चुकली तर लगेच "वाट चुकलो" असे सांगायचे. नवशिक्याला याची लाज वाटते. अनुभवी वैमानिकाला वाटत नाही, कारण नियंत्रक अशा वेळी रडारवर शोधून दिशा सांगू शकतो. मात्र गप्प राहिलेल्या विमानाला वाचवणे कोणाच्याच हाती नसते.

मुंबई फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण आज धुळ्याला चालते, गोंदियातही विद्यार्थी वैमानिक घडतात. तिथले आकाश मोकळे आहे, चुका करून शिकायला जागा आहे. तिथून पुढे मोठ्या शहराच्या आकाशात जाणारा मुलगा वा मुलगी बरोबर काय नेते, तर नजर आणि विचारण्याची सवय.

द्वारकेच्या गच्चीवरच्या त्या मुलाला म्हणूनच सांगावे, की बाळा, या गर्दीतून छोटे विमानही जाऊ शकते. पण ते आधी विचारते, उत्तर मिळेपर्यंत थांबते, आणि मिळालेले उत्तर परत म्हणून दाखवूनच पुढे जाते.