गर्भाचे वय आणि कायद्याची रेषा

नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वर रस्त्यावर काय किंवा राज्यातील अन्य कोणत्याही वस्तीत काय, सोनोग्राफी केंद्रात एक पाटी हमखास दिसते: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. ती वाचणाऱ्या अनेकांची समजूत अशी की, गर्भपात हाच मुळी गुन्हा आहे. वस्तुस्थिती तशी नाही. गर्भाचे लिंग जाणून घेणे हा गुन्हा आहे. विहित अटींनुसार केलेला गर्भपात मात्र १९७१ च्या कायद्याने वैध ठरविला आहे.

या दोन्ही कायद्यांच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढून या विषयाची कोंडी फोडली. १९७१ च्या कायद्याचा पाया ज्या समितीच्या अहवालाने घातला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शाह हे होते. गर्भलिंग चाचणीवर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदाही १९८८ मध्ये याच राज्याने केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला.

तथापि, मूळ प्रश्न सुटला असे नव्हे. २००८ साली मुंबईतील एका दांपत्याला पोटातील बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे कळले तेव्हा विसाव्या आठवड्याची मर्यादा उलटून गेली होती. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. पुढे त्या स्त्रीचा गर्भपात आपोआपच झाला. कायद्याची मर्यादा बदलावयास मात्र २०२१ साल उजाडावे लागले. आता काही वर्गांतील स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही गर्भपात करता येतो.

परंतु रेषा पुढे सरकली म्हणून पेच संपत नाही. २०२३ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने गर्भात गंभीर दोष असलेल्या एका स्त्रीला, आठ महिने होत आले असताना आणि वैद्यकीय मंडळ प्रतिकूल असतानाही, अनुमती दिली. निर्णय तिचा, मंडळाचा नव्हे, असे न्यायालयाने मानले. त्याच वर्षी जूनमध्ये औरंगाबाद खंडपीठाने पंधरा वर्षांच्या एका मुलीला अठ्ठाविसाव्या आठवड्यात अनुमती नाकारली, कारण मूल जिवंतच जन्माला येणार होते. एकीकडे स्त्रीचा स्वतःच्या देहावरील अधिकार, दुसरीकडे जगू शकणारा जीव. यांपैकी कोणताही पक्ष पोकळ नाही.

जीवाचा आरंभ नेमका केव्हा, याचे उत्तर धर्म एक देतो, जीवशास्त्र दुसरे. कायद्याने त्या वादात न पडता आठवड्यांची रेषा आखली. रेषा आखणे भाग आहे, पण तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दिवसात निसर्गाने कोणतीही भिंत उभारलेली नाही. म्हणूनच दिवस जितके लोटतात तितका नैतिक प्रश्न बिकट होतो. सहाव्या आठवड्यात जो निर्णय पुष्कळांना पेलतो, तोच अठ्ठाविसाव्या आठवड्यात डॉक्टरच्याही हाताला कापरे भरवतो.

हा विलंब कोणाच्या वाट्याला येतो, हे पाहिले पाहिजे. गर्भातील व्यंग दाखविणारी तपासणी साधारणतः अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात होते. हुडकेश्वरच्या स्त्रीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ काही किलोमीटरांवर आहे. सिरोंचाच्या स्त्रीला त्याच दारांपर्यंत तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. अत्याचारास बळी पडलेल्या अल्पवयीन मुलीला तर आपण गरोदर आहोत हेच पुष्कळदा उशिरा उमगते, आणि उमगले तरी बोलण्याची सोय नसते. वैद्यकीय मंडळाने तीन दिवसांत निर्णय द्यावा असा नियम आहे. पण मंडळापर्यंत पोहोचण्यात गेलेले आठवडे त्या नियमात मोजले जात नाहीत.

तेव्हा जीवाचा आरंभ केव्हा, यावर एकमत होण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या रुग्णालयात वेळेवर तपासणी, शाळेत शरीरधर्माची स्पष्ट ओळख आणि अविवाहित मुलीला न हिणवणारा डॉक्टर, एवढे झाले तरी पुष्कळ स्त्रियांना न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही. गर्भातील जीवाबद्दल ज्यांना खरी आस्था आहे आणि स्त्रीच्या अधिकाराबद्दल ज्यांना खरा आग्रह आहे, त्या दोघांचेही येथे दुमत होण्याचे कारण नाही.