टिक... टिक... बरोबर वेळ!

बालमित्रांनो, घरातली दोन घड्याळं कधी तंतोतंत एकच वेळ दाखवतात का? एक पुढे, तर दुसरं मागे! घरात त्याने फारसं बिघडत नाही. पण भर समुद्रात ताऱ्यांवरून आपली जागा शोधणाऱ्या खलाशाचं घड्याळ अवघे ४ सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर त्याचा हिशेब जवळजवळ २ किलोमीटरने चुकतो. आणि तिथे खडक असला तर?

मग बरोबर वेळ सांगणार कोण? लघुलहरींवरची काही रेडिओ केंद्रं! अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्सजवळ असं एक केंद्र आहे, डब्ल्यूडब्ल्यूव्ही. तिथे ना गाणी, ना बातम्या. अणुघड्याळाच्या तालावर दर सेकंदाला ‘टिक’! २९वी आणि ५९वी टिक मात्र मुद्दाम गाळतात. मिनिट भरत आलं की पुरुषाच्या आवाजात वेळ सांगतात. हवाईतल्या जोडीदार केंद्रावर बाईंचा आवाज असतो. म्हणजे कोणतं केंद्र लागलंय ते लगेच कळतं, बरं का!

लघुलहरी आकाशातल्या विद्युतभारित थरांवरून परत फिरतात, म्हणून दूरवर पोचतात. हे थर दिवसा वेगळे, रात्री वेगळे. म्हणूनच हे केंद्र एकाच वेळी २.५, ५, १०, १५ आणि २० मेगाहर्ट्‌झवर बोलतं. हे आकडेही इतके काटेकोर, की दुसरी रेडिओयंत्रं त्यांच्याशी ताडून बघतात.

आज जहाजांना उपग्रह वाट दाखवतात. पण ते यंत्र बंद पडलं, तर साध्या रेडिओवरची ही ‘टिक’ कामी येते.

आता एक गणित. विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, पृथ्वीची फेरी २४ तासांची. मग ४ सेकंदांत किती किलोमीटर? करून बघा!