ओवीचे बियाणे राखा

शेतकरी भगिनींनो, गाणे रचायला शाळा लागते काय? आपल्या परंडा भागातल्या आयाबायांनी कधीच उत्तर दिले आहे. पहाटे जात्याचा खुंटा धरायचा आणि घरात कुणापाशी बोलता येत नाही ते जात्याला सांगायचे. माहेरची ओढ, भावाची वाट, लेकीची काळजी, न पडलेला पाऊस. चाल जात्याच्या घरघरीने दिली, शब्द मनातल्या ओझ्याने. पायली दळून होईपर्यंत मनही हलके होई.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणाऱ्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती.

पिठाची गिरणी आली, बायांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण जाते थांबले तशी ओवीही मुकी झाली. ज्वारीचे बियाणे आपण कडुलिंबाचा पाला घालून पुढच्या पेरणीसाठी राखतो. मग ओवीच वाऱ्यावर का सोडावी? आज दिवेलागणीला वही घेऊन आजीजवळ बसा. "आजी, जात्यावर काय म्हणायचीस?" एवढेच विचारा. ती सांगेल तसे, तिच्याच बोलीत लिहा आणि खाली तिचे नाव घाला. आजवर तिचे नाव कुठल्याच गाण्याखाली आलेले नाही.