उंदरीचे दूध आणि आईची धास्ती

"काकू, माझ्या आईला छातीचा कॅन्सर, मावशीलाही तोच. आता मी या पोरीला अंगावर पाजू की नको? दुधातून जंतू गेले तर?" शेजारची बाळंतीण परवा डोळ्यांत पाणी आणून विचारत होती.

मैत्रिणींनो, ही शंका वेडगळ नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही ती आली होती.

१९३६ साली अमेरिकेत, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी उंदरांवर प्रयोग केला. एका वाणाच्या उंदरींना स्तनात गाठी हमखास होत. त्यांची पिल्ले जन्मताच उचलून त्यांनी दुसऱ्या, निरोगी वाणाच्या उंदरीला लावली. मोठेपणी या पिल्लांना गाठी फारच कमी झाल्या! रोग दुधातून उतरत होता. त्या दुधात विषाणू होता, हे पुढे सिद्ध झाले.

मग माणसाचे काय? पारशी समाजात हा रोग अधिक दिसतो, म्हणून मुंबईच्या पारशी स्त्रियांचे दूध तपासले गेले. काही नमुन्यांत उंदराच्या विषाणूसारखे कण दिसल्याचे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना सुमारे ३८ टक्के गाठींत त्या विषाणूशी जुळणारा अंश सापडला. पण इतर कित्येकांनी शोधले, तेव्हा तो मिळाला नाही. त्यामुळे माणसातला कर्करोग या विषाणूने होतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

आता पाजण्याचे. दुधातून रोग उतरत असता, तर अंगावर प्यालेल्या मुलींना पुढे तो जास्त झाला असता. अभ्यासांत तसे आढळले नाही. उलट आईचाच फायदा होतो. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर बारा महिने पाजण्यामागे आईचा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो.

मी तिला म्हटले, "अगं, खुशाल पाज. मात्र आई आणि मावशी दोघींना झालाय, हे डॉक्टरांच्या कानावर घाल. घराण्यातून येतो तो धोका वेगळा, त्याची तपासणी करता येते."

आणखी एक लक्षात ठेवा. पाजतीच्या छातीत गाठ लागली, की "दूध साकळलं असेल" म्हणून आपण शेकत बसतो. दोन आठवड्यांत गाठ गेली नाही, कातडी आत ओढली गेली किंवा बोंडातून रक्त आले, तर लाजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.